पाव स्केल कब विमानाच्या मॉडेलचा पंख अकराव्या किलोला ‘टक्’ वाजला. कार्बन पट्टी कमी पडली का?

मिरजेचा_कब
नमस्कार मंडळी. पायपर कब या छोट्या विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल करतोय, पाव स्केल, म्हणजे खऱ्याच्या चौथा हिस्सा. खऱ्याचा पंख १०.७ मीटर, म्हणजे माझा पावणेतीनच्या जरा आत, दोन तुकड्यांत. बॅटरीसकट वजन ९ किलोवर जाईल. स्पारला, म्हणजे पंखातल्या मुख्य दांड्याला, हलक्या बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, त्यांवर वर-खाली १० बाय १ मिलिमीटरची तयार कार्बन पट्टी, मधे त्यांना जोडणारी उभ्या रेषांची बाल्साची फळी, म्हणजे वेब.

काल उजवा पंख उलटा करून दोन तुकडे जोडणाऱ्या जॉइनरच्या नळीवर टेबलाला आवळला आणि वजन ठेवत गेलो. वाळूच्या पिशव्या नव्हत्या, पण आमच्याकडं तासगावचा बेदाणा असतोय, किलो-किलोची पाकिटं. ४ जी, म्हणजे वजनाच्या चौपट भार धरला तर ३६ किलो, एका पंखाला १८. दहा पाकिटांपर्यंत नुसता वाकला. अकरावं ठेवलं आणि टक्! खाली वाकून बघितलं तर मुळापासून वीतभर अंतरावर पट्टी लाकूड सोडून लोंबतेय. आता २ मिलिमीटरची घालू का? आणि जॉइनरची ॲल्युमिनियमची नळी काढून कार्बनची टाकू का?

चाळकेवाडीचं_वारं
पट्टी तुटली का सुटली? सुटलेल्या पट्टीची आतली बाजू कशी दिसतेय ते सांग. लाकडाचा भुसा चिकटलाय का? मी पवनचक्कीची पाती दुरुस्त करतो, आमचा पहिला प्रश्न हाच असतो.

मिरजेचा_कब
काका, काचेसारखी चकचकीत. लाकडाचा कण नाही. लाकडावर मात्र एपॉक्सी गोंदाचा थर आहे तसाच, त्यात पट्टीचा ठसा उमटलाय.

चाळकेवाडीचं_वारं
मग कार्बनला कशाला बोल लावतोस? चिकटवणं चुकलंय. लाकडाला एपॉक्सी कधी लावलीस आणि पट्टी कधी बसवलीस?

मिरजेचा_कब
लाकूड एपॉक्सी पितंय म्हणून आधी एक हात मारून ठेवला. ऑगस्टात. बाहेर झिमझिम चालूच होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरनं परत एपॉक्सी लावून पट्टी. त्याआधी दोन्ही थिनरनं पुसून घेतलं होतं की.

चाळकेवाडीचं_वारं
तिथंच घोळ झाला. दमट हवेत एपॉक्सीच्या हार्डनरमधलं अमाइन नावाचं रसायन वर येतं आणि हवेतल्या ओलाव्याशी नि कार्बन डायऑक्साइडशी मिळून मेणासारखी साय धरतं. बोट फिरवलं की जरा बुळबुळीत लागतं. थिनरनं ती जात नाही, नुसती पसरते. कोमट पाणी आणि भांड्याची हिरवी घासणी घे, धू, वाळव, मग ८० नंबरचा कागद मार. पट्टीचंही तसंच. ती साच्यातून ओढून काढलेली असते, अंगावर साचा सोडवायचं औषध असतं. काळी चमक जाऊन करडी दिसेपर्यंत घासायची. घासताना पाणी वापर, मास्क लाव. ती धूळ फुप्फुसाला वाईट, आणि वीज वाहून नेते, सर्किटवर पडली तर वेगळंच लफडं.
आम्ही पात्याच्या थरावर पील प्लायचं कापड टाकतो. सुकल्यावर टरकन ओढलं की खाली खडबडीत कोरा पृष्ठभाग मिळतो. वार-दोन वार आणून ठेव.

जुना_फ्लायर_सांगली
भावा, पाकिटं कुठं ठेवलीस ते लिहिलंच नाहीस.

मिरजेचा_कब
टोकाकडनं सुरुवात केली. अकराही टोकाकडच्या दीड-दोन फुटांतच.

जुना_फ्लायर_सांगली
मग हिशोब बघ, वजन गुणिले मुळापासूनचं अंतर. ११ किलो मुळापासून सरासरी १.१ मीटरवर, म्हणजे १२.१. तुझे १८ किलो पंखभर पसरले तर मध्य ०.६५ वर, म्हणजे ११.७. अरे, जवळजवळ ४ जीचा वाक तिनं सोसला, तोही सायीवर चिकटून! १ मिलिमीटर बास आहे. पुढच्या वेळी मुळापासून टोकापर्यंत पसरून ठेव.
जॉइनर ॲल्युमिनियमचाच राहू दे. तो आधी वाकून सांगतो, कार्बन सांगत नाही. कार्बनला लागून ॲल्युमिनियम येतंय तिथं मधे ग्लास क्लॉथचा, म्हणजे काचेच्या धाग्याच्या कापडाचा थर दे, नाहीतर ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजतं. रिसीव्हरच्या अँटेना कार्बनच्या आड नकोत, २.४ गिगाहर्ट्झ त्यातनं जात नाही.
आणि पहिलं उड्डाण ऊस तुटल्यावर. माझं एक ग्लायडर उभ्या उसात गेलं ते तोडणीवाल्यांनी आणून दिलं, पाचटात गुंडाळून. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर हिरवा, म्हणजे परवानगी न लागणारा भाग असला तरी उंची ४०० फुटांच्या आतच ठेव.

मिरजेचा_कब
डावा पंखही त्याच आठवड्यात केलेला. आत्ता पट्टीखाली नख घालून बघितलं, चार इंच अल्लाद सुटली. दोन्ही उघडतोय. थंडी पडल्यावर चिकटवीन, पाऊस संपू दे.
आईनं बेदाण्याची पाकिटं मोजून परत घेतली. एक भरलं नाही. ते ‘टक्’ झालं तेव्हा फुटलं असं सांगितलंय.