मदत हवी आहे: विरळ होत चाललेल्या केसांसाठी स्वतःच्या रक्तापासूनच्या उपचारांपैकी पीआरपी, जीएफसी की पीआरएफ? (ठाणे-ऐरोली परिसर)

नमस्कार.

मी ऐरोलीत राहते, वय ३४ वर्षे. गेल्या दोन वर्षांत माझा भांग रुंदावत चालला आहे. कपाळावरची केसांची रेषा जागच्या जागी आहे, पण भांग कुठूनही पाडला तरी टाळू दिसते आणि दिव्याखाली उभी राहिले की ती अधिकच जाणवते. माझ्या आईचेही पस्तिशीच्या आसपास असेच सुरू झाले होते. त्या वेळी तेले आणि जास्वंदीचा लेप यांपलीकडे घरात कोणाला काही सुचले नव्हते.

मागच्या महिन्यात त्वचारोगतज्ज्ञांनी ट्रायकोस्कोपी (भिंगातून टाळूची व केसांची तपासणी) केली. पडद्यावर टाळूचा तुकडा मोठा होऊन दिसला, तेव्हा एक जाड काळा केस आणि त्याला लागूनच बाळाच्या जावळासारखे दोन बारीक, भुरे केस, असे चित्र भांगाच्या पूर्ण लांबीभर होते. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मात्र एकसारख्या जाडीचे होते. यावरून त्यांनी अनुवांशिक केशविरलतेचे निदान केले. थायरॉइडची तपासणी ठीक आली, हिमोग्लोबिन ११.४ आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे माप) १४, असे दोन्ही कमी निघाले, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत.

अडचण अशी की, वर्षभरात आम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करत आहोत. केसगळतीवरची फिनास्टेराइडची गोळी त्यामुळे बादच आहे, कारण पोटात मुलगा असल्यास त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला ते बाधक ठरू शकते. टाळूवर लावायचे मिनॉक्सिडिल हे औषध आता लावता येईल, पण बाळासाठी प्रयत्न सुरू करण्याआधी थांबवावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. स्वतःच्याच रक्तापासून केल्या जाणाऱ्या उपचारांकडे मी वळले ती या कारणाने.

आतापर्यंत मला जे समजले ते लिहिते, चुकत असल्यास कृपया दुरुस्त करावे. पीआरपीमध्ये (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट असलेल्या नळीत १५-२० मिलिलिटर रक्त घेतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वरच्या पिवळसर द्रवातला प्लेटलेटांनी (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशींनी) दाट झालेला भाग टाळूत टोचतात. प्लेटलेटांमध्ये साठलेले ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीला चालना देणारी प्रथिने, टाळूत गेल्यावर सुटतात. जीएफसीमध्ये (ग्रोथ फॅक्टर कॉन्सन्ट्रेट) खास नळीतच प्लेटलेटांना चेतवून ग्रोथ फॅक्टर आधीच बाहेर काढतात आणि पेशी मागे ठेवून नुसता द्राव टोचतात. पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) २००१ मध्ये फ्रान्समधील जोसेफ शुक्रून यांनी तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रियांसाठी पुढे आणले. त्यात रक्त गोठण्याला अडवणारे काहीच मिसळत नाहीत, त्यामुळे फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या तंतूंचे, जाळे तयार होते आणि त्यातून ग्रोथ फॅक्टर हळूहळू झिरपतात.

ट्रायकोस्कोपीच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, ठाण्यातील एका क्लिनिकमध्ये मी पीआरपीचे एक सत्र घेतले होते, आणि तो अनुभव मनाला लागून राहिला आहे. पहिला पाऊण तास पॅकेज समजावून सांगण्यात गेला, पण त्वचा किंवा रक्त यांची एकही तपासणी झाली नाही. डॉक्टर सुया टोचण्यापुरते दहा मिनिटे आत आले. सिरिंजमधला द्रव मला पिवळा नव्हे, चक्क गुलाबी दिसला. विचारले तेव्हा, “असाच असतो,” एवढेच उत्तर मिळाले. सर्वांत वाईट म्हणजे आधीचा एकही फोटो काढलेला नव्हता, त्यामुळे फरक पडला की नाही हे आता कशाशी ताडून पाहायचे? उरलेली सत्रे मी घेतली नाहीत.

सध्या पीआरपीसाठी एका सत्राचे ५,५०० आणि जीएफसीसाठी ९,००० रुपये सांगितले जात आहेत, दोन्हींची दर महिन्याला एक अशी चार सत्रे. पीआरएफ करणारे डॉक्टर मला जवळपास सापडले नाहीत. जीएफसी पीआरपीपेक्षा ‘पुढची पायरी’ असल्याचे जो तो सांगतो, पण ती पुढची कशी, हे कोणी सांगत नाही. जादा पैशांत नेमके काय मिळते, आणि माझ्यासारख्या परिस्थितीत हे उपचार आता करावेत की बाळंतपणानंतर, याबद्दल अनुभवी व्यक्तींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी अनेक वर्षे रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे. केसांविषयी मला अधिकाराने बोलता येणार नाही, पण नळीविषयी निश्चित बोलता येईल.

गुलाबी रंगाचा अर्थ द्रवात तांबड्या पेशी आल्या आहेत. प्लेटलेटांचा दाट थर तांबड्या पेशींच्या अगदी वरच्या सीमेवर पांढऱ्या पेशींसोबत असतो. तिथपर्यंत जाऊन द्रव खेचला की थोडी लाली येते, आणि काही डॉक्टर तो थर जाणूनबुजून घेतात. म्हणून निव्वळ रंगावरून काम बिघडले असे म्हणता येणार नाही. मात्र स्वच्छ पिवळा दिसणारा द्रव चांगलाच असतो, हेही खरे नाही, कारण वरवरचा पिवळा भाग घेतला तर त्यात प्लेटलेट फारशा नसतातच.

रंग विचारण्यापेक्षा मोजणी विचारा. रक्तात प्रति मायक्रोलिटर साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात आणि पीआरपीमध्ये त्या दहा लाखांच्या आसपास असाव्यात, असे सामान्यतः मानले जाते. तुमच्या रक्तातली आणि तयार पीआरपीमधली संख्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या, साध्या यंत्रावर मोजता येते. जीएफसीच्या बाबतीत हीच खरी अडचण आहे. त्यात पेशी काढून टाकलेल्या असतात, त्यामुळे मोजायला प्लेटलेट उरत नाहीत, आणि ग्रोथ फॅक्टर मोजण्याची सोय क्लिनिकमध्ये नसते. म्हणजे तुमचा विश्वास त्या खास नळ्यांचे किट बनवणाऱ्या कंपनीवर राहतो. किट तयार असल्याने ते करणाऱ्या माणसागणिक पडणारा फरक कमी होतो, ही त्याची जमेची बाजू. पण अभ्यासांचे पाठबळ पीआरपीमागे अधिक आहे, आणि ‘पुढची पायरी’ म्हणण्याइतकी थेट तुलना झालेली नाही.

पीआरएफ मिळालेच, तर टाळू बधिर करण्याचे काम रक्त काढण्याआधी उरकतात का, तेवढे पाहा. तो द्रव दहा-पंधरा मिनिटांत गोठू लागतो आणि टाळूवर टोचण्याच्या जागा अनेक असतात.

प्रतिसाद २

मी नेरूळला राहते. तुमच्यासारखाच भांग, वय ४१. पीआरपीची चार सत्रे घेतली आणि सोबत मिनॉक्सिडिल लावले. तिसऱ्या महिन्यापर्यंत केवळ गळती कमी झाली, भांगातला फरक सहाव्या महिन्यानंतर फोटोंमध्ये दिसला, तोही माफक. पुढे दर सहा महिन्यांनी एक सत्र घ्यावे लागते, कारण मूळ अनुवांशिक प्रवृत्ती जात नाही.

ताई, एक गोष्ट मनात धरून ठेवा. बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या महिन्यात बहुतेकींचे केस मुठीने गळतात आणि काही महिन्यांत सावरतात. आता उपचार घेतलेत तर त्या गळतीच्या दिवसांत, पैसे वाया गेले, असे वाटेल, पण ती गळती वेगळी असते. गरोदरपणात ही सत्रे सहसा करत नाहीत, त्यामुळे मधला खंड अटळ आहे. फेरिटिन १४ असताना मी तरी आधी लोह भरून काढले असते. बाळासाठीही ते लागणारच आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मोजणीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, आणि जीएफसीसाठी जादा पैसे देण्याचा विचार त्यामुळे मी बाजूला ठेवला आहे. डॉक्टरांनी फेरिटिन ४० च्या वर नेण्यास सांगितले आहे. पुढचे तीन महिने त्यासाठी देते आणि तोवर मिनॉक्सिडिल लावते. आज सकाळी खिडकीशी उभी राहून, केस कोरडे ठेवून, मधोमध भांग पाडून बहिणीकडून वरून तीन फोटो काढून घेतले. त्याच जागी, त्याच वेळी दर महिन्याला काढीन. तीन महिन्यांनंतर ट्रायकोस्कोपी पुन्हा करून, गरज वाटली तरच बाळाच्या प्रयत्नांआधी पीआरपीची सत्रे घेईन.

आता एकच विचारणे उरले आहे. ठाणे, ऐरोली किंवा वाशीत पीआरपीतील प्लेटलेट मोजून त्याचा कागद हातात देणारे आणि स्वतः टोचणारे त्वचारोगतज्ज्ञ कोणाच्या माहितीत असल्यास कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेतील त्यांची नोंदणी मी स्वतः पडताळून घेईन.