सुपरचार्ज्ड लाइटनिंगला नायट्रस: १०० चा शॉट मारू का?

सांगलीचा_डेंटनकर

नमस्कार मंडळी. मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षं टेक्ससमध्ये, डॅलसच्या वर डेंटनला. गेल्या दिवाळीत बायकोची समजूत काढून २००३ ची फोर्ड एफ-१५० लाइटनिंग पिकअप घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ५.४ लिटरचं व्ही-८, वर ईटनचा एम-११२ सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, त्यालाच ब्लोअर म्हणतात), कंपनीतून ३८० हॉर्सपॉवर. आधीच्या मालकाने "सगळं स्टॉक, म्हणजे कंपनीतून आलं तसंच आहे, फक्त सायलेन्सर बदललाय" म्हणून दिली. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकांपाशी ३९६ हॉर्सपॉवर आले, बूस्टचा (ब्लोअरने दाबलेल्या हवेच्या दाबाचा) काटा पूर्ण थ्रॉटलला ११ वर जातो. मी खूश.

आता एकाने वापरलेलं नायट्रसचं वेट किट दिलंय, म्हणजे नायट्रससोबत जादा पेट्रोलही फवारणारं. १० पौंडांची बाटली, दोन सोलेनॉइड (विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह), नॉझल आणि १०० चे जेट, म्हणजे १०० हॉर्सपॉवर वाढवणारी भोकं. गाडी महिन्यातून एकदा एनिसला, टेक्सस मोटरप्लेक्सच्या ड्रॅग ट्रॅकवर नेतो. गॅस, म्हणजे नायट्रस, फक्त तिथेच मारणार, रस्त्यावर नाही. नॉझल ब्लोअरच्या आधी की नंतर? बाटली मागे हौद्यात ठेवली तर चालेल ना? आणि थेट १०० चा शॉट की आधी लहान? यूट्यूबवर जो तो वेगळं सांगतो. इंजिन फोडायचं नाहीये. दुसरं घ्यायला किती दिवाळ्या थांबावं लागेल सांगता येत नाही.

बारा_तेराचा_पाना

भाऊ, नॉझल राहू दे बाजूला. बूस्ट ११ आणि गाडी स्टॉक? लाइटनिंगला कंपनीतून ८ पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास मिळतो. ३९६ हा आकडाही तीच चुगली करतोय, स्टॉक गाडी चाकांपाशी साडेतीनशेच्या आतच राहते. कुणीतरी ब्लोअर फिरवणारी पुली बदललीय. पुली बदलली म्हणजे ट्यूनही (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला पेट्रोल-ठिणगीचा हिशोब) बदलला असणार, आणि तो कुणी लिहिला ते तुम्हाला माहीत नाही. किंवा बदललाच नसेल, ते तर त्याहून वाईट. त्यावर नायट्रस मारणं म्हणजे दुसऱ्याने केलेल्या भाजीत न चाखता मीठ टाकणं.

आता १०० चं गणित. या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड ही दुखरी जागा. चाकांपाशी साडेचारशेच्या पुढे गेलात की जुनी मंडळी फोर्ज्ड (घडवलेले, जास्त मजबूत) रॉड टाका म्हणतात. तुमच्या ३९६ वर १०० चढवले की ती रेघ एका दमात ओलांडली. शिवाय नायट्रस कुठल्याही आरपीएमला सेकंदाला तेवढंच जातं. म्हणजे ३००० आरपीएमला १०० हॉर्सपॉवर म्हणजे १७५ फूट-पौंड जादा टॉर्क, ५००० ला १०५. रॉड वाकतो तो खालीच. म्हणून विंडो स्विच, म्हणजे ठरावीक आरपीएमच्या मध्येच गॅस सोडणारा स्विच, हवाच: ३००० च्या खाली गॅस सुटताच कामा नये, आणि रेव्ह लिमिटर (जास्तीत जास्त आरपीएमला इंजिन अडवणारा) लागायच्या आधी बंद झाला पाहिजे.

नायट्रस स्वतः जळत नाही हे डोक्यात पक्कं करा. ते ऑक्सिजनची हमाली करतं. वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन, हवेत २३. इंजिन मारतो तो न आलेल्या पेट्रोलचा दुष्काळ. एक पिस्टन माझ्याच हातून गेलाय, म्हणून एवढं लिहितोय. डेट्रॉइटजवळ मित्राची अशीच ब्लोअरवाली गाडी, वायरिंग मी केलं. पेट्रोलच्या सोलेनॉइडची अर्थची वायर मी रंगावरच आवळली, खालचा पत्रा खरवडायचा कंटाळा केला. गॅस गेला, पेट्रोल गेलं नाही. दोन सेकंद, जास्त नाही. प्लग काढला तर बाजूचा इलेक्ट्रोड गायब, आणि पांढऱ्या चिनी मातीवर मोहरीहून बारीक चकचकीत मणी. ते मणी म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम.

तेव्हापासून माझा नियम असा: अर्मिंग स्विच (सिस्टम चालू करायचा मुख्य स्विच), पूर्ण थ्रॉटलचा स्विच, विंडो स्विच आणि पेट्रोलच्या लाइनवरचा प्रेशर स्विच, चारही एकामागे एक, सीरीजमध्ये. एकाने जरी नाही म्हटलं तरी रिले बसत नाही. वाइडबँड गेजशिवाय (हवा-पेट्रोलचं मिश्रण दाखवणारं मीटर) तर बाटलीचा व्हॉल्व्हच उघडू नका. बूस्टवर गॅस मारताना मी मिश्रण साडेअकराच्या आसपास ठेवतो, म्हणजे एक भाग पेट्रोलला साडेअकरा भाग हवा. टायमिंग (ठिणगीची वेळ) दर ५० च्या शॉटला दोन डिग्री मागे, म्हणजे ट्रॅकसाठी वेगळा ट्यून करून घ्या. प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा), गॅप ०.०३५ इंच किंवा कमी. आणि प्लग बसवताना जपून. या जुन्या ५.४ च्या काही हेडमध्ये प्लगला जेमतेम चारेक आटे असतात, प्लग बंदुकीच्या गोळीसारखा उडालेला मी पाहिलाय. इंजिन थंड असताना, टॉर्क रेंचनेच.

नॉझल थ्रॉटल बॉडीच्या आधी. रोटरमधून जाताना गॅस-पेट्रोल नीट घुसळतं आणि ब्लोअरही गार होतो. खरं तर ब्लोअर आणि नायट्रसची जोडी जमते ती याचसाठी: ब्लोअर हवा तापवतो, नायट्रस उणे ८८ अंशाला उकळणारं, ते तिला गारठवतं. पण तुमचा इंटरकूलर ब्लोअरच्या खालीच बसलाय. आरपीएम कमी असताना फवारलंत तर पेट्रोल तिथे साचतं, मग बॅकफायर, मग ब्लोअरचे तुकडे वेचत बसायचं. पुन्हा तेच, ३००० च्या वर.

मिरजेचा_डिझेल

पानाभाऊ, आडवा प्रश्न. हाच तो दातांच्या डॉक्टरकडचा हसवणारा गॅस ना? आणि ही जोडी नवी नाही बरं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ मध्ये जीएम-१ नावाने हेच होतं. उंचावर सुपरचार्जरचा दम संपला की नायट्रस.

बारा_तेराचा_पाना

तोच. पण गाडीसाठीच्या नायट्रसमध्ये सल्फर डायऑक्साइड मिसळतात, कुणी हुंगू नये म्हणून. हसू येणार नाही, ठसका लागेल.

बाटलीचं राहिलं. हौद्यात चालेल, पण एनिसच्या जुलैच्या उन्हात उघडी नको. ९०० ते ९५० पीएसआय हवं, ते साधारण ३० अंशाला मिळतं. ३६ च्या वर गेलं की बाटलीत द्रव असा उरतच नाही, दाब चढत जातो आणि जेटचा सगळा हिशोब चुकतो. दाब वाढला की गॅस जास्त, पेट्रोल तेवढंच. माठाला गुंडाळतो तसं ओलं फडकं गुंडाळा, गेज बघूनच लाइनला लागा. थंडीत दाब कमी पडला तर बाटलीचा हीटर, तोही प्रेशर स्विचवाला. बर्नर लावणारे महाभाग पाहिलेत, त्यांच्याजवळ उभेही राहू नका. वापरलेली बाटली आहे म्हणता, तर आधी तिची हायड्रो टेस्टची (बाटलीत पाणी भरून दाबाची चाचणी) तारीख बघा आणि सेफ्टी डिस्क (दाब फार वाढला तर फुटणारी चकती) नवी टाका. बसवताना व्हॉल्व्ह गाडीच्या पुढच्या बाजूला, लेबल वर. आतली नळी मागे तळाला येते, गाडी सुटली की द्रव तिकडेच धावतो. केबिनमध्ये सीटमागे ठेवायची झाली तर डिस्कपासून गाडीबाहेर ब्लो-डाउनची, म्हणजे सुटलेला गॅस बाहेर नेणारी, नळी काढावीच लागते, नाहीतर ट्रॅकवर तपासणीतच परत पाठवतील.

सांगलीचा_डेंटनकर

पानाभाऊ, काल रात्री खाली झोपून टॉर्च मारली. क्रँकची पुली कंपनीची नाहीच, बोल्टच्या डोक्यांवर पान्याचे ओरखडे आहेत. आधीच्या मालकाला मेसेज टाकला तर म्हणे, "अरे हो, ती आधीपासूनच होती."

तर आता क्रम असा. पुली स्टॉक, ट्यून नव्याने, परत डायनो. बाटलीवरची तारीख बघितली, टेस्ट होऊन सात वर्षं झालीत, म्हणजे तीही टेस्टला. १०० चे जेट डबीत घालून डबी बायकोकडे दिली. ५० चे मागवलेत, ते पहिल्यांदा मारीन ऑक्टोबरात, ऊन उतरल्यावर. पहिल्या पासनंतर आठही प्लग काढून फोटो इथेच टाकतो. मोहरी दिसली तर सांगा.