हिमनदी ‘वाहते’ की ‘सरकते’?

माळवेकर (इंदूर): रामबागेतील मुलांच्या मराठी वाचनवर्गासाठी मी हिमनद्यांवरील एक हिंदी पाठ मराठीत आणत आहे. ‘गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर वाहत येऊन गोमुखापाशी संपते’ हे माझे वाक्य तपासताना एका ज्येष्ठांनी ‘वाहत’ खोडून ‘सरकत’ केले. घट्ट बर्फ वाहणार कसा, असा त्यांचा प्रश्न आहे. जाणकारांनी मत द्यावे.

भूगोलशिक्षिका: बर्फ वाहतो. उन्हाळ्यातही न वितळलेल्या हिमावर वर्षानुवर्षे नवे थर चढतात, त्यांच्या भाराने कणांमधील हवा निघून जाते आणि भुसभुशीत हिमाचा निळसर, घट्ट बर्फ होतो. थर पुरेसा जाड झाला, की खोलवरचा बर्फ न तुटता स्वतःच्या भाराने उताराकडे पसरू लागतो. वरचा भाग मात्र ठिसूळच राहतो, म्हणून त्याला भेगा पडतात. तळाशी वितळलेले पाणी असेल तर सगळी हिमनदी खडकावरून सरकतेही. परंतु ध्रुवीय प्रदेशांत जिथे तळ खडकाशी गोठलेला असतो, तिथेही ती पुढे जाते, आणि तिथे ‘सरकते’ हे क्रियापद सरळ चूक ठरते.

अमरकोशप्रेमी (ग्वाल्हेर): घोटाळा ‘नदी’ या शब्दाने केला आहे. अमरकोशात ‘हिमानी हिमसंहतिः’ असे आहे. मोठे अरण्य ती अरण्यानी, तसा हिमाचा मोठा साठा ती हिमानी. इकडे आपण हा शब्द हिंदीचा समजून टाळतो, याचे मला वाईट वाटते.

भूगोलशिक्षिका: संहतीत गती कुठे आहे? नुसता साठा डोंगर कोरत नाही. हिमनदी खडकाचे तुकडे उपटते, ते तिच्या तळात गोठतात आणि तेच पुढचा खडक घासतात. नदी आपला तळ कापत जाते, म्हणून डोंगरातील तिची दरी ‘व्ही’ आकाराची होते; हिमनदी तळाबरोबर दोन्ही कडाही खरवडते, म्हणून ‘यू’ आकाराची दरी मिळते. गतीचा बोध होतो म्हणून ‘हिमनदी’च योग्य.

वडोदेकर: मग ‘हिमोढ’चे, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या ढिगाला असलेल्या नावाचे, काय? हिमनदी दगडगोटे ओढत आणते म्हणून हिमोढ, असे आम्हाला बडोद्याच्या शाळेत सरांनी सांगितले होते.

अमरकोशप्रेमी: सरांविषयी आदर ठेवून सांगतो, तो ‘ओढणे’ नव्हे. हिम आणि ऊढ यांचा हा संधी आहे. ऊढ म्हणजे वाहून आणलेले. ‘नवोढा’ आणि ‘प्रौढ’ या शब्दांतही तोच ऊढ आहे.

वडोदेकर: व्युत्पत्ती मान्य, परंतु मुलांना ‘ओढ’ ऐकूनच अर्थ कळतो. शब्द वापरणाऱ्याला जे ऐकू येते, त्यालाही काही किंमत असावी.

भूगोलशिक्षिका: माळवेकर, पाठात चंद्रपूर जिल्ह्यातील इरई गावाचा उल्लेख अवश्य करा. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांनी तिथल्या चुनखडीवर समांतर ओरखडे काढलेले आहेत.

अमरकोशप्रेमी: ‘ओरखडे’ मांजराचे. इथे ‘रेखा’ लिहावे.

वडोदेकर: रेखा आखतात, काकासाहेब. खडकावर दगड घासून उठतात ते ओरखडेच.