खाणीच्या छोट्या शेअरांचे व्यवहार थांबवणं: संरक्षण की शिक्षा?

सीताबर्डीकर
'खाण-शेअरांवरचे निर्बंध काढा, ज्याचे पैसे त्याला कळतात' ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. शोधाच्या टप्प्यातल्या कंपनीकडे ना उत्पादन, ना विक्री. लीजचा कागद आणि ड्रिलिंगच्या निकालाची आशा, एवढंच भांडवल. निकाल चार जणांना आधी कळला की बाकीचे मेलेच. ऑस्ट्रेलियात मोठी बातमी यायची असली की कंपनीच व्यवहार थांबवायला सांगते, जास्तीत जास्त दोन दिवस, तेवढ्यात खुलासा करायचा. हे इथे नको कसं?

सोमवारवाला
भाऊ, तुम्ही ऑस्ट्रेलियाचं काय सांगून राहिले? आपल्याकडे थांबवणं म्हणजे जीएसएम, संशयाच्या शेअरांवर टप्प्याटप्प्याने ठेवलेली पाळत. शेअर वरच्या टप्प्यात गेला की आठवड्यातून एकदा, सोमवारी व्यवहार, शिवाय घेणाऱ्याने जादा अनामत भरायची. कोण घेईल? माझ्या मोठ्या बाबांचे रिटायरमेंटचे पैसे एका मँगनीजवाल्या कंपनीत अडकले. सोमवार उजाडला की ते नागपुरात महाल भागातल्या ब्रोकरकडे जाऊन बसत. स्क्रीनवर विकणाऱ्यांची रांग, घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. प्रवर्तक केव्हाच विकून मोकळा झाला होता. संरक्षण कोणाचं झालं?

रामदासपेठ
मोठ्या बाबांचं वाईट वाटतं. पण त्या अनामतीमुळे टेलिग्रामच्या टिपांवर उड्या मारणारे किती जण वाचले, ते कोणी मोजत नाही.

सोमवारवाला
वाचवायचं तर चौकशी करून वाचवा ना! 7 ऑगस्ट 2017 विसरले का? संशयित शेल, म्हणजे नुसत्या कागदावरच्या, म्हणून बाजार नियामक सेबीचे 331 कंपन्यांवर एका फटक्यात निर्बंध. प्रकाश इंडस्ट्रीज आणि जे कुमार सॅटमध्ये, म्हणजे सेबीविरुद्ध दाद मागायच्या न्यायाधिकरणात, गेल्या आणि तीन दिवसांत स्थगिती घेऊन आल्या, कारण सेबीने तपासच केला नव्हता. मोठा वकील परवडला ते सुटले. छोटा शेअरहोल्डर कुठे जाणार होता?

कोअरबॉक्स
मूळ रोग तुम्हा दोघांनाही दिसत नाही. उभा जन्म ड्रिलिंगवर गेला माझा. कोअर म्हणजे भोकातून निघालेली खडकाची कांडी. ती करवतीने उभी चिरायची, अर्धी प्रयोगशाळेत पाठवायची, अर्धी खोलीच्या खुणेसकट पेटीत ठेवायची. शंका आली की पेटी उघडा. ब्रे-एक्स या कॅनडाच्या सोनं शोधणाऱ्या कंपनीने इंडोनेशियात बुसांगला अख्खी कोअर दळून टाकली आणि चुऱ्यात बाहेरचं सोनं मिसळलं. मार्च 1997 मध्ये फ्रीपोर्ट या मोठ्या खाण कंपनीने खात्री करायला त्याच भोकांशेजारी ड्रिलिंग केलं, तेव्हा हाती काही लागलं नाही. टोरांटोच्या शेअर बाजाराने ब्रे-एक्सचा शेअर थांबवला. उघडला तसा एका दिवसात 80 टक्क्यांहून जास्त कोसळला. थांबवून काय वाचलं? 2001 मध्ये कॅनडाने नियम आणला: तांत्रिक माहितीमागे पात्र तज्ज्ञ नावानिशी उभा पाहिजे. औषध ते आहे.

सीताबर्डीकर
काका, सह्या विकत मिळत नाहीत का?

कोअरबॉक्स
ही भाषा माझ्याशी नको! नाव छापलं की माणसाची आयुष्यभराची अब्रू पणाला लागते. आणि नागपूरकरांनी तरी असं बोलू नये. सिव्हिल लाइन्समध्ये भारतीय खाण ब्यूरो, सेमिनरी हिल्सला खनिज शोधणारी सरकारी एमईसीएल, काटोल रोडला मँगनीजवाली सरकारी मॉईल. गल्लीगल्लीत या धंद्यातला माणूस भेटेल, तरी पोरं जी-4 आणि जी-1 मधला फरक कोणाला विचारत नाहीत. हे खनिज शोधाचे टप्पे: जी-1 म्हणजे सविस्तर शोध, जी-4 म्हणजे नुसती सुरुवातीची टेहळणी. त्या टेहळणीलाच 'साठा' समजून पैसे टाकतात.

रामदासपेठ
पोरांवर कशाला घसरता? तुमच्याच क्षेत्रातले लोक व्हिडिओत जी-4 च्या आकड्याला 'साठा' म्हणतात. आधी त्यांना झापा.

कोअरबॉक्स
म्हणतात, खरं आहे. लाज वाटते त्याची. म्हणूनच सही मागतोय.

सोमवारवाला
काकांची सही मान्य. सीताबर्डीकरांचा दोन दिवसांचा थांबाही मान्य, खुलासा झालाच पाहिजे या अटीवर. पण जो आधीच अडकला त्याला बाहेर पडायला दार ठेवा. प्रवर्तकाने शेअर परत घ्यावेत.

सीताबर्डीकर
तो विकून गेला म्हणता, मग त्याच्याकडून वसूल कोण करणार?

सोमवारवाला
तेच तर विचारून राहिलो ना मी! व्यवहार थांबवला त्याच दिवशी प्रवर्तकाची खातीही गोठवा. मोठ्या बाबांचं खातं गोठल्यासारखंच होतं, त्याचं मात्र चालू होतं.