मदत हवी आहे: बापाला घाबरणाऱ्या मुलाला 'देव पिता' कसा सांगावा?

सर्वांना सलाम. जालन्याजवळच्या गावात मी शब्बाथशाळा (चर्चमधला मुलांचा बायबलचा वर्ग) घेते. नऊ मुलं, वय ८ ते १२. त्यातल्या एकाचा बाप दारू पिऊन मारतो. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही येशूनं शिकवलेली प्रार्थना सुरू झाली की हा मुलगा ओठ घट्ट मिटतो आणि शर्टाचं बटण पिळत बसतो. 'आमेन'ला मात्र आवाज येतो.

बायबलमधली (लूक १५) उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली: बापाची संपत्ती उधळून मुलगा घरी परत येतो. बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो तिथं वर्गातला हा मुलगा म्हणाला, "बाई, खरं सांगा, मारलं नाही?" मला पुढं बोलवेना. स्तोत्र १०३:१३ (बाप जशी मुलांवर तशी देव दया करतो) पाठ करून घेतलं. शब्द पाठ झाले, एवढंच. येशू देवाला 'अब्बा' म्हणजे बाबा म्हणायचा, त्याचा अर्थही सांगून पाहिला.

माराबद्दल पाळकसाहेब घरी जाऊन बोलतायत, तो विषय इथं नको. बापही उपासनेला येतो, म्हणून वर्गात त्याच्याविषयी काही बोलता येत नाही. आणि 'पिता' हा शब्द मला सोडायचा नाही, येशूनंच तो शिकवला.

यशया ६६:१३ मध्ये देव आईसारखं सांत्वन करीन म्हणतो. आधी तिथून सुरुवात करून मग पित्याकडं यावं का? अशा लेकराला कुणी शिकवलं असेल तर पहिला धडा कोणता घेतला?