मदत हवी आहे: घटस्फोटाची केस ठाण्यात, बहीण दापोलीत

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण गणपतीपासून मुलाला घेऊन माहेरी, दापोलीला आहे. नवऱ्याने ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केलाय, मुलाचा ताबाही मागितलाय. दर तारखेला लहान पोर घेऊन घाट चढून ठाणं गाठायचं, हे काही जमण्यातलं नाही.

१९५६च्या पालकत्व कायद्यानुसार ५ वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. पण आमचा भाचा शिमग्यानंतर ५ पूर्ण करेल. त्यानंतर कोर्ट काय बघतं? तोवर अंतरिम ताबा आणि पोटगीचा अर्ज करून ठेवावा का?

बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७चा विधी सेवा कायदा तसं सांगतो. पण केस ठाण्यात असताना अर्ज इथल्या तालुका विधी सेवा समितीकडे करायचा की ठाण्याला? आणि केस रत्नागिरी जिल्ह्यात वर्ग करून हवी तर मुंबई हायकोर्टात जायचं की आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे?

‘बसून मिटवा’ म्हणणारे भावकीत भरपूर आहेत, तो सल्ला कृपया नको. खेड-चिपळूणकडचा, अशी प्रकरणं चालवणारा वकील माहीत असेल तर मेसेज करा.