ऊर्जा क्षेत्रातले ईटीएफ: दीर्घ मुदतीसाठी कोणता घ्यावा?

अवनी_क: नमस्कार मंडळी. माझी बहुतेक गुंतवणूक जागतिक इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकातल्या कंपन्या जशाच्या तशा घेणाऱ्या फंडात) आहे. आता थोडी रक्कम ऊर्जा क्षेत्रातल्या ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरसारख्या बाजारात घेता-विकता येणाऱ्या फंडात, घालायचा विचार आहे, निदान दहा वर्षांसाठी. तेलाचा भाव चढला तर फायदा व्हावा, एवढीच अपेक्षा. मग थेट तेलाच्या भावामागे जाणारा अमेरिकी ईटीएफ, म्हणजे यूएसओ घेतला तर चालेल का?

आकडेमोड: अवनीताई, दहा वर्षांसाठी यूएसओ नकोच. त्याच्याकडे ना तेल असतं, ना कंपन्यांचे शेअर. असतात ते वायदे, म्हणजे पुढच्या ठरावीक महिन्यात ठरलेल्या भावाने तेल घेण्याचे करार. मुदत संपायच्या आत ते विकून पुढच्या महिन्याचे घ्यावे लागतात. समजा चालू महिन्याचा भाव 50 डॉलर आणि पुढच्याचा 52. फंडाने 52 पिंपांचे वायदे विकले की 2600 डॉलर येतात, आणि त्यात पुढची 50च पिंपं बसतात. महिनाभराने तेल 50 वरच राहिलं तर त्या 50 पिंपांचे हातात उरतात 2500. भाव हलला नाही तरी 100 गेले! पुढच्या महिन्याचा भाव चालू महिन्यापेक्षा कमी असेल तेव्हा हाच फरक फायद्यात पडतो, पण त्या भरवशावर दहा वर्षं बसू नका. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला होता. यूएसओने आपले पैसे त्याआधीच पुढच्या महिन्यांत हलवले होते, तरी त्या वर्षी धारकांचं जबर नुकसान झालं.

दूरदर्शी: शंभर टक्के सहमत. कंपन्यांचे शेअर असलेला ईटीएफ घ्या. अमेरिकेतल्या मोठ्या ऊर्जा कंपन्यांचा एक्सएलई 1998 पासून आहे, खर्चही अगदी कमी. पण त्यातल्या कंपन्यांची यादी उघडून बघाच: एक्सॉन आणि शेव्हरॉन या दोन तेल कंपन्यांचाच वाटा एक तृतीयांशाहून जास्त. तेल-वायू उत्खनन कंपन्यांच्या एक्सओपी या ईटीएफमध्ये प्रत्येकीचा वाटा बराच समान असतो, त्यामुळे लहान उत्खनन कंपन्या जास्त येतात आणि हेलकावेही मोठे बसतात. मी तरी एक्सएलईच सुचवेन.

पवनचक्की: दहा वर्षं म्हणताय तर स्वच्छ ऊर्जाही बघा, आयसीएलएनसारखे फंड. फक्त ते तेलाच्या भावामागे जातील असं समजू नका. सौर-पवन ऊर्जेचे प्रकल्प कर्जावर उभे राहतात, त्यामुळे व्याजदर चढले की त्यांचं गणित बिघडतं. 2021 च्या सुरुवातीच्या शिखरावरून आयसीएलएन निम्म्याहून खाली आला, आणि 2022 मध्ये तेल कंपन्या मात्र जोरात होत्या.

अवनी_क: खूप आभार सगळ्यांचे. वायद्यांचं हे गणित माहीतच नव्हतं. पण माझ्या इंडेक्स फंडात तेल कंपन्या आधीच असतील ना?

आकडेमोड: असणारच. आधी तो वाटा फंडाच्या माहितीपत्रकात बघा आणि मग वर किती घालायचं ते ठरवा. मी एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त घालणार नाही. एस अँड पी 500 (अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) मधला ऊर्जा विभाग 2020 मध्ये जवळजवळ एक तृतीयांश घसरला होता. तेव्हा विकून बाहेर पडलेल्यांना पुढच्या दोन वर्षांतली वाढ मिळालीच नाही. रक्कम एकदम न घालता हप्त्यांनी घाला, आणि वर्षातून एकदा वाटा पुन्हा पाच टक्क्यांवर आणा. विदेशातला फंड असेल तर लाभांशावरचा करही आधी विचारून घ्या. या कंपन्या लाभांश बऱ्यापैकी देतात, त्यामुळे फरक पडतो.